घडणावळ

मी घडवलेला तन्मणी आजवर कुणी दुसऱ्यांदा घातलेला नाही. लोक तो खातात. नथ तर बऱ्याचदा केक कापायच्या आधीच यजमानांकडचं एखादं पोर उपटून तोंडात टाकतं, आणि मी कोपऱ्यात कागदी प्लेट धरून ‘असू द्या, लहान आहे’ म्हणत हसतो. आतून मात्र त्या पोराच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललेला असतो.

मी सोनार नाही. जळगावातल्या एका बँकेत सोनेतारणाच्या टेबलावर नोकरी संपली, एवढाच माझा या धंद्याशी संबंध. समोर सराफ बसायचा, दागिना कसोटीवर घासायचा, वर ॲसिडचा थेंब टाकायचा आणि आकडा सांगायचा. खडे, मणी, लाख यांचं वजन वजा करून निव्वळ वजन लिहायचं आणि किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायचं, हे माझं काम. गोठ, पाटल्या, एकदाणी, वज्रटीक, पुतळ्यांची माळ. दुसऱ्यांच्या बायकांचे दागिने इतक्या जवळून आणि सरकारमान्य पद्धतीनं बघायला मिळालेले पुरुष गावात थोडेच. त्यातून, आपल्याला दागिन्यातलं कळतं असा माझा समज झाला. जळगावात हा समज प्रत्येकाचाच असतो. दीडशे वर्षांहून जुनी पेढी ज्या सराफ बाजारात आहे, त्या गावात रिक्षावालाही ‘कालचा भाव काय होता’ हे मीटरपेक्षा अचूक सांगतो. फरक एवढाच, की माझ्या समजाला पेन्शन मिळते.

निवृत्तीनंतर भाचीनं मला कामाला लावलं. ती धुळ्याला देवपुरात राहते आणि घरून केक करून देते. “मामा, तुमचा हात स्थिर आहे आणि तुम्हाला दिवसभर काही काम नसतं,” असं ती म्हणाली. या वाक्याचा पहिला अर्धा भाग मी सगळ्यांना सांगतो.

झालं असं, की हल्ली बोरन्हाणालाही केक लागतो. बाळाच्या अंगावर हलव्याचा मुकुट, हार, बासरी. मग केकनं काय घोडं मारलंय? त्याच्यावरही तेच पाहिजे. पहिल्या संक्रांतीच्या सुनेला काळी चंद्रकळा, म्हणून केकही काळा आणि त्यावर पांढरेशुभ्र दागिने. दिसतं देखणं, यात वाद नाही. पण आपले परंपरेचे हलव्याचे दागिने खाण्याचे म्हणून ओळखले जातात आणि निम्मे खाण्याचे नसतात. पुठ्ठा असतो, सोनेरी कागद असतो, दोरा, तार, गोंद असतो. सुनेच्या गळ्यात ते चालतं. केकमधून टाचणी निघाली तर भाचीचं दुकान बंद आणि बहुधा माझंही.

म्हणून केकवरचा दागिना नखशिखांत साखरेचा. खाली गम पेस्टची बारीक पट्टी, तिच्यावर हलव्याचा एकेक दाणा चिमट्यानं बसवायचा, चिकटवायला पिठीसाखर आणि लिंबाचा रस. (अंड्याचं आयसिंग जास्त घट्ट धरतं, पण आमची निम्मी गिऱ्हाइकं जैन आणि मारवाडी, त्यांच्या केकच्या आसपास अंडं हा शब्दसुद्धा हळू बोलायचा.) नथीत मोत्यांच्या जागी खसखशीचा हलवा, कारण तो बारीक असतो. तन्मण्याला तिळाचा, बोरमाळेला साबुदाण्याचा. नथीच्या मधलं माणिक आयसोमाल्टचं. आयसोमाल्ट म्हणजे बिटाच्या साखरेपासून केलेला पदार्थ; तो वितळवून साच्यात ओतला की काचेसारखा थिजतो आणि साध्या साखरेइतकं पाणी ओढत नाही. बोट लावलं की मात्र धुरकट होतो, म्हणून हातमोजे घालायचे. शिवाय फार खाल्ला तर पोट बिघडतं. तसं खऱ्या माणकानंही पुष्कळ घरांचं बिघडलेलं मी टेबलापलीकडून पाहिलंय.

नथीचा आकडा वळवणं ही खरी कसोटी. गम पेस्टची वळकटी भातुकलीतल्या शेवेइतकी बारीक करायची, ती सुकायच्या आत पेन्सिलीवर वाकवायची, आणि वळण असं आलं पाहिजे की नथ नाकात नसतानाही नाक मुरडतेय असं वाटलं पाहिजे. यासाठी मी सराफ बाजारातून सोनाराचा चिमटा आणलाय. डोळ्याला लावायचं भिंगही आणलंय. भिंगाची गरज नाही, हे डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे. पण भिंग लावून वाकलेला माणूस बघणाऱ्याला फार मोठा वाटतो, आणि बघणारं कुणी नसलं तर मी बायकोला चहा मागतो.

गिऱ्हाइकांना सीरियलीतलं कुंदन पाहिजे असतं. मी देत नाही. “आमच्याकडे पारंपरिकच मिळेल,” असं मी फोनवर सांगतो. भाची शेजारून खुणा करत असते की मामा, द्या ना, तीनशे रुपये जास्त मिळतील. सोन्याला 16 जून 2021 पासून हॉलमार्क सक्तीचा झाला तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं, की आपल्या मालालाही शिक्का पाहिजे. 22 कॅरेटला 916 असतं, तसे साखरेलाही दर्जे असतात. एम-30, एस-30 असे आकडे पोत्यावर छापलेले असतात. मी डब्यांवर सोनेरी शाईत ‘एम-30’ लिहायला सुरुवात केली. एका बाईंनी भाचीला फोन करून विचारलं, की हा पदार्थ तीस दिवसांत संपवायचा की तीस मिनिटांत. शिक्का बंद झाला.

क्रीम हा या दागिन्यांचा वैरी. क्रीममध्ये पाणी असतं आणि साखरेला पाणी दिसलं की ती माहेरचं माणूस भेटल्यासारखी विरघळते. संध्याकाळी बसवलेला मोती सकाळी खड्ड्यात. फ्रिजमधून काढलेल्या केकला घाम फुटतो, तो वेगळाच. म्हणून वर फॉन्डंटचा थर, आणि दागिने अगदी शेवटी, गिऱ्हाईक दारात आल्यावर. म्हणजेच मी जळगावात घडवलेला माल धुळ्यापर्यंत सुखरूप न्यायचा.

तो मी एस.टी.नं नेतो. डबा मांडीवर, दोन्ही हात डब्यावर. एरंडोलला चढलेल्या माणसानं सरकून बसा म्हटलं की मी मुद्दाम म्हणतो, “जरा जपून, दागिने आहेत.” हे म्हणायची काही गरज नसते. पण तेवढ्यानं आजूबाजूच्या तीन सीटवर जी शांतता पसरते, तिचा मला मोह आहे. एकदा तर कंडक्टर कानाशी येऊन कुजबुजला, “बाबा, इतक्या मोठ्यानं नका सांगू.” पारोळा येईपर्यंत सगळी गाडी माझ्या मांडीकडे बघत होती. शेवटी पलीकडच्या आजीबाईंना राहवलं नाही. मी ऐटीत झाकण उघडलं. त्यांनी वाकून पाहिलं, नथीला बोट लावलं, ते बोट चाटलं आणि विचारलं, “हाई खावानं शे का देखानं?”

याचं उत्तर मला अजून देता येत नाही. मला विचाराल तर देखानं.

धुळेकरांना तसं माझं फारसं कौतुक नाही. ते म्हणतात, साखरेचे दागिने आम्हाला काय शिकवता? होळीला साखरेचे हार-कंगण हे धुळे-नंदुरबारकडचं जुनं प्रकरण. लाकडी साच्यात दोरा टाकायचा, वरून उकळता पाक ओतायचा, थिजला की फटकन मोकळा करायचा. पोरं ते गळ्यात-मनगटात घालतात आणि दिवसभर चाटतात. संध्याकाळी दोरा उरतो. मी त्यांना समजावतो, की साच्यातला दागिना म्हणजे ओतीव काम, माझं ते घडीव काम. त्यावर धुळेकर हमखास सांगतात, की 1906 साली खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तोवर सगळ्या खान्देशचं मुख्यालय धुळं होतं. या दोन गोष्टींचा संबंध काय, ते विचारायचं नसतं.

आता काट्याबद्दल बोललंच पाहिजे. हलव्याचा काटा. इथे बायको उठून आत जाते, तुम्ही बसा.

हलवा विकत आणला तर प्रश्नच मिटला. यंत्रात फिरवलेला, गुळगुळीत, होमिओपॅथीच्या गोळ्यांचा मोठा भाऊ. पण मला काटेरी पाहिजे, आणि तो हातानंच होतो. थंडीतल्या पहाटे शेगडीत अगदी मंद निखारे, वर परात, परातीत मूठभर तीळ. साखरेचा पाक एकतारीहूनही किंचित पातळ, दुधाचा हबका मारून मळी काढलेला. चमचाभर पाक टाकायचा आणि बोटांनी तीळ फिरवत राहायचे. उघड्या बोटांनी. चमच्यानं फिरवले तर काटे मोडतात, मोजे घातले तर ओल कळत नाही. पाक सुकला की दुसरा चमचा. जास्त पडला तर तिळांची चिक्की होते. निखारा फुलला तर साखर पिवळी पडते. आणि आभाळ भरून आलं तर कितीही नाचा, काटा येतच नाही. त्याला कोरडी बोचरी हवा लागते. ज्या थंडीनं रावेर-यावलच्या केळीवाल्यांच्या पोटात गोळा येतो, त्याच थंडीनं माझ्या हलव्याला काटा येतो. डिसेंबरात पारा उतरला की पेपर वाचताना मला उघड आनंद करता येत नाही, शेजारी केळीवाले आहेत.

काटा का येतो? दाण्यावर कुठेतरी कणभर उंचवटा असतो, पाक आधी त्याला लागतो, तो वाळून आणखी उंच होतो, मग पुढचा पाक आधी त्यालाच. म्हणजे ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी मिळतं. बँकेतही मी हेच पाहिलं. पण थांबा, हे प्रकरण फार वर गेलेलं आहे. 1569 साली लुईस फ्रॉइश नावाच्या पोर्तुगीज पाद्र्यानं जपानात ओदा नोबुनागा या जबरदस्त सरदाराला भेट काय दिली? काचेच्या बाटलीत भरून साखरेचे दाणे. पोर्तुगीज त्याला कॉन्फेइतो म्हणत, जपानी कोम्पेइतो म्हणू लागले. फोटो बघा, आपला काटेरी हलवाच! तापलेल्या, तिरक्या, फिरत्या मोठ्या परातीत दाणे, वरून पाक, पुन्हा पाक. एक घाणा निघायला दोन-दोन आठवडे. क्योतोत 1847 पासून चाललेलं एक दुकान आहे, ते हेच विकतं. तिथल्या राजघराण्याच्या समारंभात पाहुण्यांना छोट्या चांदीच्या डबीतून हेच दाणे देतात. आणि तोराहिको तेरादा (1878-1935) नावाचे भौतिकशास्त्रज्ञ, विद्यापीठातले मोठे प्राध्यापक, त्यांनी या काट्यांवर निबंध लिहिला! साखरेच्या गोळीला शिंगं का फुटतात, यावर! आमच्याकडे एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, “बरोबर आहे, पण आधी शुगर तपासून घ्या.”

नोबुनागाची गोष्ट मी प्रत्येक बोरन्हाणात सांगतो. सांगताना ‘नोबुनागाला हलवा मिळाला’ असंच सांगतो, बाटलीचं वर्णन करतो, सरदाराच्या मिशीवर साखर चिकटल्याचंही सांगतो. मिशीचं माझ्या पदरचं. माझा आवाज ‘1569’वर चढला, की बायको सगळ्यांना पाणी विचारायला निघते.

एवढं सगळं करून दागिना तयार होतो, आणि मग भावाची बोलणी सुरू होतात.

इथे माझं डोकं फिरतं. ज्या बाई सुभाष चौकात सोन्याच्या बांगड्यांची घडणावळ निमूट मोजतात, वर जीएसटीचे 3 टक्के मोजतात, आणि ‘डिझाइन बारीक आहे ना, मजुरी असणारच’ असं स्वतःहून सराफाला समजावतात, त्याच बाई साखरेच्या तन्मण्यापाशी येऊन म्हणतात, “एवढे? साखरच तर आहे!” साखर चाळीस-पंचेचाळीस रुपये किलो आहे, हे मलाही ठाऊक आहे, बाई. तन्मण्यात ती छटाकभरही नाही. सोन्याच्या दागिन्यात निदान सोनं असतं, घडणावळ वरून लागते. माझ्या दागिन्यातून घडणावळ वजा केली तर निव्वळ वजन काय राहील? पण भाचीच्या वहीत क्रीम, फॉन्डंट, डबा, गॅस, रिक्षा सगळं लिहिलेलं असतं आणि मजुरीचा रकाना कोरा. “मामा, तुमची आणि माझी मजुरी धरली तर केक कोण घेईल?” हे ती हसत म्हणते. शिकलेली पोरगी आहे, आणि रात्री दोनला कंबर धरून उठते. घरच्या घरी केलं म्हणजे फुकटात झालं, असा हिशेब आपल्याकडे नक्की कुणी बसवला, तो माणूस मला भेटला पाहिजे.

मला हा काटा आत्यानं शिकवला. वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांच्या आत ती विधवा होऊन आमच्या जुन्या जळगावातल्या घरी परत आली. डिसेंबर लागला की मागच्या खोलीत तिची शेगडी पेटायची. गल्लीतल्या प्रत्येक नव्या सुनेचे आणि प्रत्येक तान्ह्याचे दागिने तिच्या हातचे. ‘काटा यावा तर तिच्याच हातून’ म्हणायचे सगळे. बोटांची सालं निघायची, ती खोबरेल तेल लावून चिंधी बांधायची आणि दुसऱ्या दिवशी चिंधी सोडून पुन्हा परातीत हात. पैशाचा तर विषयच नव्हता. कुणी पावशेर साखर जास्त पाठवली तर तेच मोठं. डबे घरोघर पोचवायचं काम माझ्याकडे होतं, कारण सणाच्या दिवशी तिनं सुवासिनींच्या दारात जायचं नसे. हे तिला कुणी सांगताना मी ऐकलेलं नाही. सांगावं लागतच नव्हतं. पुढच्या खोलीत हळदीकुंकू चालायचं, नव्या सुनेच्या गळ्यातला तन्मणी बायका हातात घेऊन बघायच्या, आणि आत्या मागे शेगडीतली राख काढत असायची. मला त्या वयात एवढंच कळायचं, की चुरा झालेला हलवा तिच्याकडे मिळतो.

आता ती ऐंशीची झाली. बहिणीकडे, म्हणजे धुळ्यालाच असते. भाचीनं ठरवलं, आजीचा ऐंशीवा दणक्यात करायचा, आणि मला ऑर्डर आली: सगळा साज. तन्मणी, बोरमाळ, बाजूबंद, कंबरपट्टा, नथ. “मंगळसूत्र करू का?” मी विचारलं. भाची म्हणाली, “नको, नवऱ्याची खूण सोडून सगळं करा. नथ मोठी करा.”

मी जीव ओतला. भिंग खरोखर वापरलं. काळ्या केकवर तो साज मांडला तेव्हा माझे मलाच डोळे भरून आले, अर्थात स्वतःच्या कारागिरीनं. मग आत्याला खुर्चीवर आणून बसवलं, सगळे गोल उभे, मोबाईल वर, आणि मी नेमका फ्रेममध्ये येईन असा. आता आत्या रडणार, मला जवळ घेणार, मी म्हणणार ‘सगळं तुझंच’, असं माझं पाठ होतं.

आत्यानं चष्मा सारखा केला. केकवर वाकली. बराच वेळ वाकलेली राहिली.

“काटा आखूड आलाय,” ती म्हणाली. “घाई केलीस. पाक वाळू देत नाहीस तू, लहानपणापासून.”

मग तिनं सुरी बाजूला सारली, दोन बोटांनी नथ उचलली, नाकाशी धरून भाचीकडे बघितलं, कशी दिसते असं विचारल्यासारखं. भाचीनं फोटो काढला. आत्यानं नथ तोंडात टाकली. “वेलदोडा हवा होता,” एवढं म्हणून ती उरलेल्या दागिन्यांकडे वळली, आणि मी सांगतो, एकाही पोराला तिनं बोट लावू दिलं नाही. बाजूबंद, बोरमाळ, सगळं तिनं बसल्या बैठकीत, कडाकडा, कवळी सांभाळत खाल्लं. कंबरपट्टा तेवढा डब्यात भरून ठेवायला सांगितला, रात्रीसाठी. केक आम्ही खाल्ला.

पाहुण्यांतल्या एका जाऊबाईंना तो साज फार आवडला होता. त्यांच्या नातवाचं बोरन्हाण होतं. भाव ऐकून त्या नेहमीप्रमाणे म्हणाल्या, “जरा कमी करा की, साखरच तर आहे.” मी तोंड उघडणार तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. आत्यानं आकडा सांगितला. तो आम्ही सांगितलेल्या आकड्याच्या दुप्पट होता. “वर साखर तुमची,” ती म्हणाली. जाऊबाई माझ्याकडे बघू लागल्या, मी भाचीकडे, भाची छताकडे. ऐंशी वर्षांच्या बाईशी तिच्या वाढदिवशी घासाघीस करायची कशी? त्यांनी पर्समधून ॲडव्हान्स काढून दिला.

तेव्हापासून ऑर्डरींचे फोन आत्या घेते. भाचीच्या वहीतला कोरा रकाना तिनं भरायला लावलाय, आणि माझी मजुरी भाचीपेक्षा कमी धरलीय, काटा सुधारेपर्यंत. भाव धुळेकरांना एक आणि जळगावकरांना दहा टक्के जास्त. मी हरकत घेतली, आपलंच गाव आहे म्हणून. तर म्हणाली, “त्यांना घडणावळ द्यायची सवय आहे.”